आतल्या मुलखातून शिडांच्या शर्यती

व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी नौदलातून निवृत्त झाल्यावर फलटण तालुक्यातल्या विंचुर्णी गावी येऊन राहिले. १९७१च्या युद्धात ‘आयएनएस कमोर्टा’चे नेतृत्व करून वीरचक्र मिळवलेला हा दर्यावर्दी सातारा जिल्ह्याच्या कोरड्या पूर्व पट्ट्यात रमला. भारतीय माणसाने शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना त्यांनी निवृत्तीच्या काळात नेटाने लावून धरली आणि २०१०मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी ती पुरी केली. विंचुर्णीहून पूर्वेला माळशिरस ओलांडले की माढा तालुका लागतो आणि माढ्यातले कुर्डुवाडी हे आमचे जंक्शन. भारताच्या सागरी पराक्रमाचा एक धागा असा आमच्या शेजारच्या कोरडवाहू रानातून गेलेला आहे.

मग प्रश्न पडतो तो असा: ज्याला समुद्र रोज दिसत नाही अशा मराठी माणसाने शिडांच्या शर्यती पाहायच्या, समजून घ्यायच्या, त्यांचा पाठपुरावा करायचा, तर कसा? त्या कुठे आणि केव्हा होतात, कोणत्या नियमांनी चालतात, आणि महाराष्ट्राचा, त्यातही सोलापूरसारख्या जिल्ह्याचा, त्यात वाटा किती? माझे म्हणणे आधीच सांगतो. अडचण समुद्र लांब असण्याची नाही. या खेळाची बातमी आपल्यापर्यंत पदक मिळाले किंवा अपघात झाला तरच येते. मधल्या काळात काय घडते ते कोणी सांगत नाही. वेळापत्रक आणि पंचवीसएक शब्द हाताशी असले, तर हा खेळ कुलाब्याइतकाच कुर्डुवाडीतूनही नीट कळतो.

वल्हे वेगळे, शीड वेगळे

सुरुवातीलाच एक गल्लत दूर केली पाहिजे. मराठी वर्तमानपत्रे वल्ह्यांच्या आणि शिडांच्या अशा दोन्ही शर्यतींना ‘नौकानयन’ म्हणतात. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६च्या रिओ ऑलिंपिकला गेला तो वल्हे मारण्याच्या शर्यतीत. दुष्काळी चांदवड तालुक्यातला हा मुलगा लष्करात भरती झाल्यावर पाण्यात उतरला, ही गोष्ट आतल्या मुलखाला धीर देणारीच आहे. पण तो खेळ सरळ रेषेतला. शरीराचे बळ आणि लय यांवर तो ठरतो आणि घड्याळ त्याचा निकाल देते. शिडाच्या शर्यतीत वारा हे इंजिन असते आणि तो कोणाच्याही मालकीचा नसतो. तो कुठून येतो, कधी वळतो, कुठे दाट आहे हे ज्याला आधी कळते तो पुढे जातो. म्हणून इथे विक्रमी वेळेला फारसा अर्थ नाही. कितव्या क्रमांकाने आलात तेवढेच मोजले जाते.

शर्यतींची तीन घराणी

पहिले घराणे बोयांभोवतीच्या छोट्या शर्यतींचे. ऑलिंपिक आणि आशियाई खेळांत हेच दिसते. पाण्यावर बोये टाकून मार्ग आखतात, एक शर्यत साधारण तास-पाऊण तासात संपते आणि अशा अनेक शर्यती मिळून एक स्पर्धा, म्हणजे रेगाटा, होतो. मुले ऑप्टिमिस्ट या २.३६ मीटर लांबीच्या पेटीसारख्या होडीपासून सुरुवात करतात. त्यानंतर इल्का, जिला पूर्वी लेझर म्हणत. तिचा सांगाडा एकच, ४.२३ मीटरचा, शीड मात्र खेळाडूच्या वजनाप्रमाणे बदलते. इल्का ४चे शीड ४.७ चौरस मीटर, इल्का ६चे ५.७६ आणि इल्का ७चे ७.०६. सर्वांच्या होड्या एकसारख्या असल्यामुळे पैशाने वेग विकत घेता येत नाही. फरक पडतो तो माणसामुळे. भारताची अलीकडची जवळजवळ सगळी कमाई याच घराण्यातली आहे.

दुसरे घराणे महासागरी शर्यतींचे. सिडनी-होबार्ट ही ६२८ सागरी मैलांची शर्यत १९४५पासून २६ डिसेंबरला सुटते. इंग्लंडची फास्टनेट १९२५ साली सुरू झाली आणि आता विषम वर्षी होते. व्हांदे ग्लोब ही फ्रान्सहून एकट्याने, कुठेही न थांबता जगाला फेरी मारण्याची शर्यत १९८९पासून चालते. १० नोव्हेंबर २०२४ला सुटलेल्या शर्यतीत शार्ली दालँ ६४ दिवस आणि १९ तासांत घरी परतला. १९७३ साली व्हिटब्रेड या नावाने सुरू झालेली आणि आता ओशन रेस म्हणवणारी शर्यत टप्प्याटप्प्याने, पूर्ण संघानिशी जगाभोवती जाते. डिसेंबर २००८मध्ये तिचा एक मुक्काम कोची बंदरात पडला होता.

तिसरे घराणे मोठ्या पैशाचे आणि मोठ्या वेगाचे. १८५१ साली ‘अमेरिका’ नावाच्या स्कूनरने इंग्लंडमध्ये वाइट बेटाभोवतीची शर्यत जिंकून जो करंडक नेला, तो पुढे अमेरिकाज कप झाला. न्यूयॉर्कच्या क्लबने तो १३२ वर्षे हातचा जाऊ दिला नाही. १९८३मध्ये ‘ऑस्ट्रेलिया २’ने तो हिसकावला. २०२४मध्ये बार्सिलोनाला न्यूझीलंडने ब्रिटनला ७-२ असे हरवून तो राखला आणि पुढचा सामना २०२७मध्ये नेपल्सला ठरला. या बोटी आता पाण्याखालच्या पंखांवर उचलल्या जाऊन अक्षरशः पाण्याच्या वर धावतात. २०१९मध्ये सुरू झालेली सेलजीपी ही त्याच तंत्राची मालिका. तिथल्या जोडनौका ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास पोचतात.

नव्या वाचकाला मी पहिल्या घराण्यापासून सुरुवात करायला सांगेन. तिथे आपली माणसे आहेत, नियम उघड आहेत आणि एका दुपारी शर्यतीचा निकाल लागतो.

वाऱ्याने ठरवलेले वेळापत्रक

जंक्शनवर राहणाऱ्या माणसाला वेळापत्रकाचे महत्त्व सांगावे लागत नाही. पण रेल्वेचे वेळापत्रक गाडी केव्हा सुटेल ते सांगते. शिडांच्या शर्यतीचे वेळापत्रक इतकेच सांगते की या वेळेआधी शर्यत सुटणार नाही. पुढचे वाऱ्याच्या हाती. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमधल्या शिडांच्या शर्यती मार्सेलला झाल्या. तिथे वारा पडल्यामुळे काही गटांच्या पदक-शर्यती एकेक दिवस पुढे ढकलाव्या लागल्या. जो फक्त ठरलेल्या वेळी पडदा उघडून बसला त्याला शांत पाणी आणि थांबलेल्या होड्या दिसल्या. म्हणून या खेळात राखीव दिवस आधीच लावलेले असतात आणि प्रेक्षकाने तेही लक्षात ठेवायचे असतात.

दिवसाची वेळ का निवडतात हे शाळेच्या भूगोलात आहे. दुपारी जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते आणि समुद्रावरून खारा वारा आत येतो. रात्री आणि पहाटे उलट दिशेचा मतलई वारा असतो. मुंबईत हिवाळ्यापासून मेपर्यंत सकाळी पूर्वेचा हलका वारा असतो आणि दुपारनंतर वायव्येचा खारा वारा भरतो. त्यामुळे मुंबई बंदरातल्या शर्यतींना दुपारच मानवते. त्यात भरती-ओहोटीची भर. उधाणाला मुंबईच्या पाण्याची पातळी चार-साडेचार मीटरने खालीवर होते आणि त्याचा प्रवाह हलक्या वाऱ्यात होडीला मागे ओढू शकतो. वर्षाचा हंगामही तसाच ठरतो. कोकणात पावसाळ्यात समुद्र बंद असतो आणि नारळी पौर्णिमेनंतर उघडतो. शर्यतीही त्याच शिस्तीने पावसाळ्यानंतर सुरू होतात. हैदराबादच्या हुसेनसागरावर मात्र सेलिंग वीक जुलैमध्ये भरतो, कारण दख्खनच्या पठारावर चांगला वारा मोसमी पावसाबरोबरच येतो. ही गोष्ट पुढे उजनीच्या संदर्भात कामाला येईल.

मोठे चक्र चार वर्षांचे. ऑलिंपिक हे त्याचे टोक, पण जागा त्याआधी कितीतरी महिने ठरतात. विष्णू सरवणनने पॅरिसची जागा जानेवारी २०२४मध्ये अ‍ॅडलेडच्या जागतिक स्पर्धेत मिळवली, तर नेत्रा कुमाननने त्याच वर्षी एप्रिलमध्ये फ्रान्समधल्या शेवटच्या पात्रता रेगाटात. हे दोन महिने ज्याने लक्षात ठेवले त्याला ऑगस्टमधल्या बातमीचा अर्थ कळला. पॅरिसमध्ये विष्णू अठरावा आला आणि नेत्रा एकविसावी. पदकाच्या हिशेबाने हे काहीच नाही. पण जगभरच्या पात्रतेतून पार होऊन तिथे पोचणे म्हणजे काय, ते पात्रता-स्पर्धा पाहिलेल्यालाच उमगते. नागोयाचे आशियाई खेळ १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०२६ या तारखांना लावलेले आहेत आणि २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या शिडांच्या शर्यती त्या शहराजवळच्या किनाऱ्यावर आहेत.

भारतीय घड्याळाचे गणितही मांडून ठेवावे. सिडनी-होबार्ट तिकडे दुपारी एकला सुटते, तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. युरोपात उन्हाळ्यात दुपारी बाराला सुटणारी शर्यत आपल्याकडे साडेतीनला दिसते. जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे, म्हणजे तिथली दुपार आपल्याला सकाळी आठ-नऊलाच गाठावी लागते. लॉस एंजेलिसला मात्र दुपारचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून अर्धा तास झालेला असतो. महासागरी शर्यतींना अशी वेळ नसते. त्या महिनोन्‌महिने चालतात आणि नकाशावर बोटींचे ठिपके सरकताना पाहणे हीच त्यांची रीत. रोज सकाळी एकदा ठिपका कुठे आहे, त्याच्या पुढे वाऱ्याची कोणती प्रणाली आहे एवढे पाहिले तरी शर्यत हाती राहते.

शर्यत कशी वाचावी

शिडाची होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याच्या दिशेपासून साधारण पंचेचाळीस अंश दूर राहून, कधी डावीकडे कधी उजवीकडे तोंड करून, नागमोडी वाटेने तिला वर चढावे लागते. प्रत्येक वळणावर होडीची नाळ वाऱ्यातून फिरते. या वळणाला टॅक म्हणतात. वरच्या बोयाला वळसा घालून वारा पाठीवर घेतला की परतीची वाट सुरू होते. तिथे होडीची पिछाडी वाऱ्यातून फिरवून शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला घेतात, त्याला जाईब म्हणतात. मोठ्या होड्या या वाटेवर पुढे फुग्यासारखे रंगीत शीड उघडतात, ते स्पिनेकर. डोलकाठीमागचे मोठे शीड मेनसेल आणि पुढचे लहान ते जिब. एवढ्या शब्दांवर पडद्यावरच्या समालोचनाचा निम्मा भाग उलगडतो.

सुरुवातीची रेषा एका टोकाला समितीची बोट आणि दुसऱ्या टोकाला बोया अशी, वाऱ्याला काटकोनात आखतात. सुटण्याआधी पाच मिनिटे त्या वर्गाचा झेंडा चढतो आणि भोंगा होतो. चार मिनिटे उरली की बहुधा ‘पी’ झेंडा चढतो, निळ्यावर पांढरा चौकोन असलेला. एक मिनिट उरले की तो उतरतो आणि शून्याला वर्गाचा झेंडा उतरून शर्यत सुटते. ही पाच मिनिटे शर्यतीतली सर्वांत दाट मिनिटे. होड्या थांबू शकत नाहीत, रेषा ओलांडता येत नाही आणि प्रत्येकाला मोकळा वारा मिळेल अशी जागा हवी असते. एखादी होडी आधीच रेषेपार गेली तर पांढऱ्यावर निळ्या फुलीचा झेंडा दिसतो. तिने परत येऊन पुन्हा सुरुवात करायची, नाहीतर निकालात तिच्यापुढे ओसीएस हा शेरा लागतो. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा निमुळता झेंडा दिसला तर शर्यत पुढे ढकलली आहे, निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा दिसला तर चालू शर्यत सोडून दिली आहे. काळा झेंडा लावल्यावर शेवटच्या मिनिटात रेषेपुढे सापडलेली होडी त्या शर्यतीतून बादच.

वाटेचा हक्क तीन मूळ नियमांवर उभा आहे. ज्या होडीला वारा उजव्या बाजूने लागतो ती स्टारबोर्ड टॅकवर आणि तिला डाव्या बाजूने वारा लागणाऱ्या होडीने वाट द्यायची. दोघी एकाच टॅकवर शेजारी-शेजारी असतील तर वाऱ्याकडच्या होडीने खालच्या होडीला वाट द्यायची. एक मागून येत असेल तर तिने पुढचीला सांभाळून जायचे. यात बोयापाशी आणखी एक नियम येतो: तीन होडीलांबीच्या आत शिरल्यावर आतल्या बाजूच्या होडीला वळायला जागा द्यावी लागते. नियम मोडला तर खेळाडूने स्वतःहून दोन गिरक्या घेऊन चूक फेडायची. बोयाला धडक लागली तर एक गिरकी. न फेडता पुढे गेल्यास दुसरा खेळाडू तक्रार नोंदवतो आणि संध्याकाळी किनाऱ्यावर सुनावणी होते. त्यामुळे पाण्यावरचा निकाल रात्री बदलू शकतो. हे नियम वर्ल्ड सेलिंग ही जागतिक संघटना ठरवते आणि दर चार वर्षांनी ते नव्याने निघतात. सध्याचे २०२५ ते २०२८ या काळासाठी आहेत.

गुणांचे गणित उलटे. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजेता. शर्यत पुरी न केलेल्याला स्पर्धेतल्या एकूण होड्यांपेक्षा एक जास्त गुण मिळतात. ठरावीक शर्यती झाल्यावर आपला सर्वांत वाईट निकाल वगळता येतो. ऑलिंपिकच्या रूढ पद्धतीत शेवटी पहिल्या दहांची पदक-शर्यत होते, तिचे गुण दुप्पट आणि ती वगळता येत नाही. म्हणून एखादी शर्यत झगझगीतपणे जिंकून दुसऱ्या दिवशी विसावा येणारा मागे पडतो आणि रोज पाचवा-सहावा येणारा पदकाजवळ पोचतो. सातत्याला एवढे वजन असल्यामुळेच हा खेळ आठवडाभर सलग पाहण्यात गोडी आहे. एका दिवसाच्या निकालावरून त्यात काहीही ठरवता येत नाही.

महाराष्ट्राचे खाते

मुंबईत या खेळाची परंपरा जुनी आहे. अपोलो बंदरावरचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा. सुरुवातीला तो साहेबांचा आणि धनिकांचा छंद होता. पुढे सेनादलांनी तो खेळ म्हणून उचलला. मुंबईत लष्कराचे यॉटिंग नोड आणि नौदलाचे जलक्रीडा प्रशिक्षण केंद्र आहे, तर पुण्याजवळ खडकवासल्याच्या पाण्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शीड हाकायला शिकतात. विष्णू सरवणन हा लष्करातलाच खेळाडू.

१९८२चे आशियाई खेळ दिल्लीत भरले, पण दिल्लीला समुद्र नाही म्हणून शिडांच्या शर्यती मुंबईत झाल्या. फारूख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात तिथे सुवर्णपदक जिंकले. मराठी मुलखाच्या पाण्यावर मिळालेले हे सुवर्ण आज किती जणांना आठवते? दिल्लीतल्या स्टेडियमच्या आठवणी निघतात, मुंबई बंदरातली ही शर्यत निघत नाही.

त्याहून कमी ठाऊक असलेली गोष्ट ‘सुहेली’ची. १९६८-६९च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नऊ जण निघाले आणि एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने ती पुरी केली. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो जगातला पहिला माणूस. ज्या बत्तीस फुटी बोटीने ३१२ दिवस महासागरांचा मार खाल्ला, ती ‘सुहेली’ मुंबईत, सागवानात, इथल्या सुतारांच्या हातून घडली होती. शिडांच्या शर्यतीच्या इतिहासात इथल्या हातांची याहून मोठी खूण नाही.

एकट्याच्या प्रदक्षिणा

लष्कराच्या इंजिनिअर्सची ‘तृष्णा’ १९८५ ते १९८७ या काळात जगाभोवती फिरून आली, तेव्हा ती पहिली भारतीय पृथ्वीप्रदक्षिणा ठरली. पण तिच्यात संघ होता. एकट्याचा मान दोंदे यांचा. त्यांची ‘म्हादई’ ही छप्पन फुटी बोट गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली आणि फेब्रुवारी २००९मध्ये नौदलात आली. दोंदे १९ ऑगस्ट २००९ला मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाऊन या चार मुक्कामांनंतर मे २०१०मध्ये ते मुंबईला परतले. त्याच बोटीतून अभिलाष टोमी १ नोव्हेंबर २०१२ला निघाले आणि कुठेही न थांबता १५१ दिवसांनी परत आले. दांडेकरांच्याच कारखान्यातली ‘तारिणी’ घेऊन सहा महिला अधिकारी २०१७-१८मध्ये जग फिरून आल्या. पुढे २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच तो पल्ला गाठला.

या सफरी आहेत, शर्यती नव्हेत, हा फरक जपला पाहिजे. सफरीत प्रतिस्पर्धी नसतो. पण त्या सफरींनीच शर्यतीचा माणूस घडवला. टोमी २०१८च्या नव्या गोल्डन ग्लोबमध्ये उतरले, तेही ‘सुहेली’च्या धर्तीवर गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’तून. या शर्यतीत जुन्या धाटणीच्या बोटी आणि सेक्स्टंटच चालतो, उपग्रहाची दिशादर्शक साधने नाहीत. सप्टेंबर २०१८मध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळाने डोलकाठ्या मोडल्या, टोमी यांच्या पाठीचा कणा दुखावला आणि ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. तेव्हा प्रत्येक वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर ते होते. तेच टोमी २०२२च्या शर्यतीत ‘बायानत’मधून पुन्हा उतरले, २३६ दिवसांनी, २९ एप्रिल २०२३ला, दुसरे आले. सोळापैकी तिघांनीच मूळ वर्गात शर्यत पुरी केली होती आणि पहिली आली होती दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर. पाठीत टायटॅनियमच्या सळ्या घेऊन मिळवलेल्या त्या दुसऱ्या क्रमांकाला अपघाताच्या निम्मीही जागा मिळाली नाही. बातमीदारीतली ही उणीव मला सर्वांत जास्त खटकते, कारण तिच्यामुळे वाचकाच्या मनात समुद्र म्हणजे संकट एवढेच उरते.

पठारावरचे पाणी

आता आपल्या दारातल्या पाण्याकडे येऊ. उजनी धरण माढा तालुक्यातच आहे. ११७ टीएमसीचा हा जलाशय करमाळा, इंदापूर आणि दौंडपर्यंत पसरतो. या पाण्याकडे आपण ऊस, पिण्याचे पाणी, मासेमारी आणि भिगवणचे रोहित पक्षी याच हिशेबाने पाहतो. शिडाच्या दृष्टीने पाहिले तर आणखी काही दिसते. सोलापूर जिल्ह्यात वार्षिक सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पावसाळ्यात ढग आणि पश्चिमेचा वारा भरपूर, पाऊस मात्र थोडा. हुसेनसागराला जुलैत जो वारा मिळतो त्याचीच पठारावरची जात उजनीवरही वाहते. उन्हाळ्यात साठा उणे टक्क्यांत जातो, तेव्हा काठ चिखलात मागे सरतो. म्हणून इथला हंगाम ऑगस्टपासून जानेवारीपर्यंतचा धरावा आणि पक्ष्यांच्या उथळ जागा सोडून धरणाजवळचे खोल, मोकळे पाणी निवडावे.

आतल्या मुलखातून हे घडू शकते याला पुरावा आहे. २०२३च्या हांगझोऊ आशियाई खेळांत इल्का ४ वर्गात रौप्य मिळवणारी नेहा ठाकूर मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली, शेतकऱ्याची मुलगी. ती भोपाळच्या बडा तालाबावरच्या राज्य अकादमीत शिकली. विंडसर्फिंगमध्ये कांस्य मिळवणारा इबाद अलीही तिथलाच. ज्या राज्याला समुद्रकिनारा नाही त्याने दोन पदके आणली आणि एवढा लांब किनारा लाभलेल्या महाराष्ट्राचे मराठी नाव टोकियोच्या आणि पॅरिसच्या शिडांच्या संघात नव्हते. भोपाळने तलाव, होड्या, प्रशिक्षक आणि वसतिगृह एकत्र आणले, आपण आणले नाही.

उजनीच्या बाबतीत भीती खरी आहे आणि ती टाळून बोलता येणार नाही. २१ मे २०२४ला करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. अशा घटनेनंतर पाण्याकडे पाठ फिरवावीशी वाटते. पण शिडाच्या शाळेत पहिला धडाच होडी उलटण्याचा असतो: ती मुद्दाम उलटवायची, तिला धरून राहायचे आणि सरळ करून पुन्हा चढायचे. जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय मूल पाण्यावर जात नाही, सोबत इंजिनची बचाव बोट असते आणि वारा एका मर्यादेपुढे गेला की शर्यत सुटतच नाही. क्षितिजावर वळवाचा ढग काळवंडताना पाहून काठाला लागायचे कधी, हे शिकलेली मुले ज्या गावांत असतील त्या गावांतले प्रवासी आणि मच्छीमारही अधिक सुरक्षित होतील. पाण्याची शिस्त शिकवणारी शाळा हा खेळाइतकाच जीव वाचवण्याचा विषय आहे.

आढाव्याचे सार

एकूण चित्र असे दिसते. जागतिक पातळीवर हा खेळ वेगाकडे आणि तमाशाकडे झुकतो आहे; पण भारताची वाट अजून छोट्या, एकसारख्या होड्यांतून जाते आणि ती आपल्याला परवडणारी वाट आहे. महाराष्ट्राकडे परंपरा आहे, प्रशिक्षणाची केंद्रे आहेत, बोट बांधणारे हात होते आणि शेजारच्या गोव्यात आजही आहेत. नाही ते दोन दुवे: एक, मराठीतून नियमाने येणारी माहिती, दोन, सेनादलांच्या आणि क्लबांच्या बाहेरच्या मुलाला पाण्यावर नेणारी शाळा.

पहिला दुवा स्वस्त आहे. वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर पात्रता-स्पर्धांच्या तारखा, भारतीय वेळ आणि गुणतक्ता छापायला चार ओळी पुरतात. ‘नौकानयन’ या एका शब्दाखाली दोन खेळ कोंबण्याऐवजी शिडाची शर्यत आणि वल्ह्यांची शर्यत असे लिहायला काही खर्च नाही. दुसऱ्या दुव्याला पैसा आणि परवानग्या लागतील. दहा-बारा ऑप्टिमिस्ट होड्या, दोन प्रशिक्षित माणसे, एक बचाव बोट आणि जलसंपदा खात्याची संमती यातून उजनीवर सुरुवात होऊ शकते. लष्कराचे निवृत्त प्रशिक्षक आमच्या भागात मिळणार नाहीत असे मी मानत नाही. सोलापूर-सातारा पट्ट्यातून पिढ्यान्‌पिढ्या मुले फौजेत जात आली आहेत. भोपाळने हे करून दाखवले आहे, हैदराबादने दाखवले आहे. दोन्ही ठिकाणे समुद्रापासून कुर्डुवाडीपेक्षा जवळ नाहीत. माढा, करमाळा आणि इंदापूरच्या लोकप्रतिनिधींनी, शाळांनी आणि साखर कारखान्यांनी हा विषय एकदा एकत्र बसून घ्यावा. आमच्या मुलांच्या अंगात वाऱ्याची ओळख आहे. तिला होडी आणि शीड मिळाले पाहिजे.